चाळिशीत सुरू झालेलं अंड्याचं वावडं

‘अंडं बाधलं, पित्त उठलं.’ अंगावर गांधी आल्या की आमसुलाचं पाणी चोळायचं, अंडं उष्ण म्हणून चार दिवस बंद. ओठ सुजला, घसा आवळल्यासारखा झाला, तरी निदान तेच. आणि चाळिशीत पहिल्यांदाच हे होऊ लागलेल्या माणसाला वर ऐकावं लागतं, ‘इतकी वर्षं खात होतास की!’

हा अविश्वास घराघरात आहे, आणि त्याचं मूळ वैद्यकाच्या इतिहासातही सापडतं. ‘ॲलर्जी’ हा शब्द 1906 मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. ते बालरोगतज्ज्ञ. 1908 मध्ये इंग्लंडच्या आल्फ्रेड स्कोफिल्ड यांनी अंडं अजिबात न सोसणाऱ्या 13 वर्षांच्या मुलाची हकीकत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिली. त्यांनी त्याला कच्च्या अंड्याच्या दहाहजाराव्या भागाची गोळी देऊन सुरुवात केली, मात्रा हळूहळू वाढवत नेली आणि काही महिन्यांत मुलगा अंडं खाऊ लागला. 1912 मध्ये न्यूयॉर्कच्या ऑस्कर श्लॉस यांनी त्वचेवर ओरखडा काढून अंडं, बदाम, ओट यांची चाचणी केली, तीही एका लहान मुलावरच. अंड्याचं वावडं हे लहान मुलांचं दुखणं ठरलं, त्यातली बरीच मुलं वाढत्या वयात त्यातून बाहेरही पडतात, आणि मोठ्यांचा विचार मागे राहिला.

1966-67 च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी या सगळ्यामागची प्रतिपिंडं, आयजीई, शोधली. त्यानंतर रक्तातच पाहता येऊ लागलं की शरीर नेमकं कशावर उठलंय.

मोठ्यांचं कोडं 1980 च्या दशकात युरोपात सुटायला लागलं. घरात पोपट, बजरीगर असे पक्षी पाळणाऱ्या काही प्रौढांना, त्यातही स्त्रियांना जास्त, आधी पिंजऱ्याजवळ शिंका आणि दमा, मग अंड्याचाही त्रास होऊ लागला. पिसं आणि विष्ठा यांच्या धुळीतलं प्रथिन श्वासातून आत जातं, शरीर त्याच्याशी वैर धरतं, आणि त्याच्याशी मिळतंजुळतं प्रथिन कोंबडीच्या अंड्याच्या बलकात असतं. 2001 मध्ये माद्रिदच्या संशोधकांनी ते कोंबडीच्या रक्तातलं अल्ब्युमिन असल्याचं दाखवलं.

मुलांना बहुधा पांढऱ्याचा त्रास होतो आणि त्यातलं ओव्होम्युकॉइड हे प्रथिन उकळूनही टिकतं. बलकातलं हे प्रथिन मात्र उष्णतेने बरंच मोडतं. म्हणून हाफफ्रायने ओठ सुजलेल्या बाईला कडक उकडलेलं अंडं चालूनही जातं, आणि घरच्यांना वाटतं ती नखरे करतेय. मला याचंच सर्वांत वाईट वाटतं. पण चालतं का, हे घरी खाऊन बघू नये, ते डॉक्टरांसमोरच ठरवावं. घसा आवळला, धाप लागली तर आमसूल शोधत न बसता थेट दवाखाना गाठावा.

बेकऱ्यांत आणि अंड्याची पावडर करणाऱ्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनाही वावडं असंच नाकातून येतं. त्यामुळे जाणते डॉक्टर काय खाल्लं याबरोबर काम काय करता आणि घरात पक्षी आहे का, हेही विचारतात.