आधी सांगायचं, मग ताटकळत ठेवायचं: थरारपटातल्या उत्कंठेची पार्श्वभूमी

थरारपट बघून आलेल्या माणसाला आपण पहिली तंबी काय देतो, तर 'शेवट सांगू नकोस हं!' सगळी मजा शेवटात दडलेली असते, असं आपण धरूनच चालतो. बाबूराव अर्णाळकरांच्या झुंजारवर पोसलेल्या मराठी वाचकाचं तर ठरलेलंच होतं: खुनी कळला की पुस्तक लायब्ररीत परत. पण थरारपटातल्या मोठ्या दिग्दर्शकांनी ज्या युक्तीवर राज्य केलं, ती नेमकी उलटी आहे. त्यांनी प्रेक्षकापासून लपवलं थोडं आणि सांगितलं पुष्कळ. पडद्यावरच्या माणसाला जे ठाऊक नाही ते खुर्चीतल्या माणसाला आधीच सांगून टाकायचं आणि मग सावकाश वेळ काढायचा. ही युक्ती घडत घडत आली, आणि तिची सुरुवात एका टेलिफोनपासून झाली असं म्हणायला हरकत नाही.

1909 साली अमेरिकेत डी. डब्ल्यू. ग्रिफिथने 'द लोनली व्हिला' नावाचा छोटा मूकपट केला. एकाकी बंगल्यात आई आणि मुली, दाराशी दरोडेखोर, आणि बाप लांब कुठेतरी. तो घरी फोन करतो, बायको घाबऱ्याघुबऱ्या परिस्थिती सांगू लागते आणि तेवढ्यात फोनची तार कापली जाते. बाप धावत सुटतो. ग्रिफिथ एकदा घराचं दार फुटताना दाखवतो, एकदा रस्त्यावरचा बाप, पुन्हा दार, पुन्हा रस्ता. कल्पना त्याची स्वतःची नव्हती. आदल्याच वर्षी फ्रान्सच्या पाथे कंपनीने असाच एक चित्रपट काढला होता, आणि या सगळ्यामागे होतं आंद्रे द लोर्दचं फ्रेंच नाटक. त्या नाटकातल्या नवऱ्याला शेवटी फोन कानाला लावून आपल्या कुटुंबाचा अंत ऐकण्यापलीकडे काहीच करता येत नाही. नाटक तिथे थांबलं. सिनेमाने दोन्ही ठिकाणं एकाआड एक दाखवायला घेतली आणि मग एक गंमत झाली: बापाला घरातलं दिसत नाही, घरातल्यांना बाप कुठवर आला ते कळत नाही, दोन्हीकडे हजर असतो तो फक्त प्रेक्षक. ज्याला समांतर संकलन म्हणतात त्याचं मर्म एवढंच आहे.

ग्रिफिथचं नाव सगळे घेतात, लोइस वेबरचं फारसं कुणी घेत नाही, हे मला नेहमी खटकतं. 1913 साली तिने फिलिप्स स्मॉलीबरोबर दहा-एक मिनिटांचा 'सस्पेन्स' केला. गोष्ट तीच, घरात एकटी बाई आणि बाहेर एक भटक्या. पण वेबरने पडद्याचेच तीन तिकोनी तुकडे केले: एकात आत शिरणारा भटक्या, एकात फोनवर बोलणारी बायको, एकात पलीकडचा नवरा. संकलनाने जे आळीपाळीने दाखवायचं ते तिने एकाच चौकटीत आणलं. त्यातच एक शॉट आहे. बाई वरच्या खिडकीतून खाली डोकावते आणि दाराशी उभा असलेला तो माणूस सावकाश मान वर करून थेट तिच्याकडे, म्हणजे आपल्याकडे, बघतो. शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला तरी तो बघताना अंगावर काटा येतो.

यानंतर आल्फ्रेड हिचकॉक. त्याचं नाव इतकं घेतलं जातं की टाळावंसं वाटतं, पण या विषयात त्याला वळसा घालता येत नाही. लंडनचा हा तरुण 1924 च्या सुमारास कामानिमित्त जर्मनीतल्या बाबेल्सबर्ग स्टुडिओत होता. तिथे त्याला जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊचं काम जवळून बघायला मिळालं. शब्दांविना, नुसत्या सावल्या आणि कॅमेऱ्याच्या हालचालींवर गोष्ट सांगायची ही जर्मन रीत त्याने उचलली. 1927 च्या 'द लॉजर'मध्ये वरच्या खोलीतल्या संशयास्पद भाडेकरूच्या येरझाऱ्या खालच्या माणसांना ऐकू येतात, असा प्रसंग आहे. मूकपटात ऐकू येणं दाखवायचं कसं? हिचकॉकने जाड काचेची जमीन बनवून घेतली आणि खालून चित्रण केलं. छतातून पावलं फिरताना दिसतात!

आवाज आल्यावर उत्कंठेला दुसरं हत्यार मिळालं. 1931 च्या 'एम'मध्ये फ्रिट्झ लांगने लहान मुलांच्या खुन्याला नॉर्वेच्या ग्रीग या संगीतकाराच्या रचनेतली एक धून शिट्टीवर वाजवायला लावली. पुढे खुनी दिसायचीही गरज उरत नाही, शिट्टी ऐकू आली की पुरे.

आता हिचकॉकच्या 1936 च्या 'सॅबोटाज'कडे जरा सावकाश बघू, कारण उत्कंठेची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही तिथे एकाच प्रसंगात सापडतात. जोसेफ कॉनरॅडच्या 'द सीक्रेट एजंट' या कादंबरीवर हा चित्रपट बेतलेला आहे. लंडनमध्ये चित्रपटगृह चालवणारा व्हर्लॉक नावाचा घातपाती आपल्या बायकोच्या लहान भावाकडे, स्टीव्हीकडे, एक पुडकं देतो आणि वेळेत पोचवायला सांगतो. सोबत फिल्मचे डबे. पुडक्यात टाइमबॉम्ब आहे आणि तो पावणेदोनला फुटणार, हे आपल्याला माहीत आहे. स्टीव्हीला नाही. पोरगं निघतं. रस्त्यात दात घासायची पेस्ट विकणारा फेरीवाला त्यालाच गिऱ्हाईक म्हणून पकडतो आणि गर्दीसमोर त्याचे दात घासून दाखवतो. मग लॉर्ड मेयरची मिरवणूक आडवी येते. पोरगं पोरासारखंच थांबून बघत बसतं. मध्येमध्ये घड्याळाचे काटे. शेवटी तो बस पकडायला जातो. फिल्म पेट घेणारी, म्हणून कंडक्टर आधी अडवतो आणि मग भला माणूस म्हणून चढू देतो. त्याचा भलेपणाच घात करतो, हे किती निर्दय आहे बघा. बसमध्ये शेजारच्या बाईकडे कुत्र्याचं पिल्लू, स्टीव्ही त्याच्याशी खेळतो. रहदारी तुंबलेली. पावणेदोन वाजतात. आणि बॉम्ब खरंच फुटतो.

प्रेक्षक चिडले, समीक्षकही चिडले. पोराच्या हातात बॉम्ब देऊन त्याला मारण्यात आपली चूक झाली, असं हिचकॉकने पुढे स्वतःच कबूल केलं. त्याचा हिशोब असा की इतका वेळ ताणून धरलं तर शेवटी सुटका द्यायला हवी. मला मात्र तो प्रसंग चुकलेला वाटत नाही. तो क्रूर आहे, आणि कथेची पुढची सगळी वाटचाल, बहिणीने नवऱ्याचा केलेला शेवट धरून, त्या क्रूरपणावरच उभी आहे. पण धंद्याचं गणित म्हणून हिचकॉकचं बरोबर होतं आणि पुढचे बहुतेक दिग्दर्शक त्याच गणिताने चालले.

या अनुभवाचं सूत्र त्याने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्र्युफोला सांगितलं. दोघांच्या मुलाखती 1962 मध्ये झाल्या आणि 1966 मध्ये पुस्तकरूपाने आल्या. टेबलाभोवती माणसं गप्पा मारत बसली आहेत आणि अचानक टेबलाखालचा बॉम्ब फुटतो: प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. तोच बॉम्ब आधी दाखवा, घड्याळ दाखवा आणि त्याच फालतू गप्पा चालू ठेवा: पंधरा मिनिटं प्रेक्षक मनात ओरडत राहतो, उठा रे! खर्च तोच, माणसं तीच, संवादही तेच.

या मुलाखतींच्या आधीच त्याने ही युक्ती आणखी मुरवली होती. 1958 च्या 'व्हर्टिगो'ची मूळ कादंबरी बोआलो आणि नार्सजाक या फ्रेंच जोडीची. तिच्यात रहस्य शेवटी उलगडतं. हिचकॉकने ते बरंच आधी फोडलं. त्यामुळे 'ती बाई कोण' हा प्रश्न संपला आणि 'नायकाला कळेल तेव्हा काय होईल' हा सुरू झाला. 1960 च्या 'सायको'तल्या शॉवरखालच्या खुनाच्या प्रसंगावर पानंच्या पानं लिहून झाली आहेत: सात दिवसांचं चित्रीकरण, सपासप कट, बर्नार्ड हरमनच्या किंचाळणाऱ्या तारवाद्यांचं संगीत. मला त्यानंतरचा प्रसंग जास्त हुशारीचा वाटतो. मोटेल चालवणारा नॉर्मन बेट्स त्या मुलीचं प्रेत असलेली गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडत जाते आणि मध्येच अडते. नॉर्मन इकडेतिकडे बघतो आणि आपलाही श्वास अडकतो. गाडी बुडावी, असं आपल्याला वाटतं! घटकाभरापूर्वी आपण त्या मेलेल्या मुलीच्या बाजूने होतो. उत्कंठेला नीतीशी फारसं देणंघेणं नसतं. ज्याची अडचण दाखवाल त्याच्या बाजूला प्रेक्षक जाऊन बसतो.

1975 च्या 'जॉज'ची गोष्ट थोडक्यात: यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून स्पीलबर्गला तो फारसा दाखवताच आला नाही. त्याने संगीतकार जॉन विल्यम्सच्या दोन स्वरांवर आणि पाण्यावर तरंगणाऱ्या पिवळ्या पिंपांवर भागवलं. बिघाडाचं सोनं झालं.

आपल्याकडे गाडी वेगळ्या रुळावरून गेली. 1949 च्या 'महल'पासून हिंदीत रहस्याचा धागा गाण्याच्या हाती गेला: धुकं, रिकामी हवेली, लांबून येणारा बाईचा आवाज. वातावरण जबरदस्त, पण पाया लपवाछपवीचा; नायकाला जेवढं ठाऊक तेवढंच प्रेक्षकाला. मराठीतला ठळक नमुना म्हणजे राजा परांजप्यांचा 1964 चा 'पाठलाग'. मेलेल्या बायकोसारखी हुबेहूब दिसणारी बाई आरोपी म्हणून समोर येते आणि मीच तुमची बायको असं सांगते. ती खरी की खोटी? कथेची पकड इतकी पक्की की राज खोसलांनी दोनच वर्षांत त्यावरून 'मेरा साया' केला. बी. आर. चोप्रांनी 1960 च्या 'कानून'मध्ये मात्र गाण्यांना फाटा दिला आणि खून प्रेक्षकासमोर करून दाखवला. खुनी म्हणून दिसतो तो न्यायाधीश, साक्षीदार त्याचा होणारा जावई, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात भलताच माणूस. खटला चालू असताना सगळं ठाऊक असलेला जावई तोंड उघडेल का, हा ताण खास बॉम्बच्या जातीचा आहे. शेवटी दिग्दर्शकाने जी पळवाट काढली ती मला पटत नाही, पण तोवर त्याने खुर्चीला खिळवून ठेवलेलं असतं.

ही जात आपल्याकडे खऱ्या अर्थाने रुजायला बराच काळ गेला, आणि त्यात मराठी मुलखाचा हात आहे. 'डोंबिवली फास्ट'वाल्या निशिकांत कामतने 2015 मध्ये जीतू जोसेफच्या मल्याळम 'दृश्यम'ची हिंदी आवृत्ती गोव्यात नेली. काय घडलं ते आपण बघितलेलं असतं. त्यामुळे साळगावकर कुटुंब पोलिसांसमोर बसची तिकिटं, हॉटेलचं बिल, सिनेमाची तिकिटं काढून देतं तेव्हा धाकट्या मुलीचा प्रत्येक शब्द जड होतो. ती कुठे अडखळेल? एकच गोष्ट दिग्दर्शक हातची राखून ठेवतो, म्हणजे हिचकॉकचं सूत्र आणि जुनी लपवाछपवी दोन्ही एकत्र नांदतात.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या श्रीराम राघवनने 2018 च्या 'अंधाधुन'मध्ये तर ही रचना एका फ्लॅटमध्ये मांडली, तीही पुण्यातल्याच. आंधळा समजून बोलावलेला आकाश पियानो वाजवतोय आणि त्याच्यासमोर घरातली बाई आपल्या साथीदारासोबत नवऱ्याचं प्रेत हलवते आहे. त्याला दिसतं, हे आपल्याला माहीत आहे. त्यांना माहीत नाही. खुनी मुक्याने हातवारे करत काम उरकतात, कारण आंधळ्याला फक्त ऐकू येतं असा त्यांचा समज आहे. आकाशला चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नाही आणि सूरही चुकवायचा नाही. संवाद जवळजवळ नाहीत, संगीत त्याच्याच बोटांतून येतंय. वेबरला तीन तिकोन लागले होते. इथे तिघं एकाच दिवाणखान्यात आहेत आणि तरीही प्रत्येकाला वेगळंच काहीतरी दिसतंय.