अडीच सुती की आठ एमएम: विदर्भातल्या जुन्या जीपच्या नटबोल्टांची पार्श्वभूमी

जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत 'विंटेज' गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. गाडी 50 वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात राखलेली हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नकोत. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. मग 'मूळ रूप' म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न वाड्यामागच्या कोठ्यात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या जीपच्या मालकालाही पडतो. रंगाचं, बोनेटचं उत्तर जुन्या फोटोत सापडतं. नटबोल्टांचं सापडत नाही, कारण आपल्याकडच्या जुन्या गाडीत इंग्लंड, अमेरिका आणि युरोप अशा तीन ठिकाणचे आटे वर्षानुवर्षं मिसळत गेले आहेत.

यातले इंग्लंडचे आटे विदर्भात मोटारीच्या कितीतरी आधी आले. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये आट्यांचं प्रमाण मांडलं: आट्याच्या खाचेचा कोन 55 अंशांचा आणि बोल्टच्या जाडीनुसार इंचाला ठरलेले आटे. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, 1870 मध्ये खामगावला कापसासाठी फाटा निघाला, आणि लँकेशायरची जिनिंग-प्रेसिंगची यंत्रं हिंगणघाट, अकोला, अमरावतीकडे उतरू लागली. ती दुरुस्त करता करता इथल्या लेथवाल्यांचे हात बसले ते व्हिटवर्थच्याच टॅप-डायवर, म्हणजे आटे पाडायच्या हत्यारांवर. माप सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात. तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात आजही 'चार सुती बोल्ट द्या' म्हटलं की अर्ध्या इंचाचा बोल्ट पुढ्यात येतो. हे कापसाचं देणं आहे, मोटारीचं नव्हे.

जीप मात्र अमेरिकेची. तिकडे विल्यम सेलर्सने 1864 मध्ये 60 अंशांचा कोन सुचवला होता आणि अमेरिकन कारखाने त्याच वाटेने गेले. दुसऱ्या महायुद्धात एका देशाचा बोल्ट दुसऱ्याच्या यंत्रात बसेना, तेव्हा ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी नोव्हेंबर 1948 मध्ये 60 अंशांचं सामाईक प्रमाण मान्य केलं. महिंद्रा त्याच सुमारास विलीज या अमेरिकन कंपनीच्या जीप मुंबईत जुळवायला लागली होती. पुढे 'सीजे-थ्रीबी' हे उंच बोनेटचं मॉडेल आलं. बोनेट उंच करावं लागलं ते आतल्या हरिकेन इंजिनामुळे. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये असतात. 2 ऑक्टोबर 1952 ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, गटविकास अधिकाऱ्याची जीप पांदण तुडवत खेड्यात पोचली आणि सरकारी सेवा संपल्यावर लिलावात शेतकऱ्याकडे गेली.

खरी गंमत आणि खरा घोळ इथून पुढचा. दोन सुती, अडीच सुती आणि तीन सुती या जाड्यांना व्हिटवर्थ आणि अमेरिकन जाड आटे इंचाला सारखेच आहेत: 20, 18 आणि 16. त्यामुळे जिनिंगच्या डब्यातला तीन सुती नट जीपच्या बोल्टवर सरळ चढतो. फरक फक्त कोनाचा, पण त्यापायी आट्यांची एकमेकांवर पूर्ण बैठक होत नाही. पांदणीचे हादरे बसले की नट सैल पडतो, आणि दोष जातो स्प्रिंग वायसरला. चार सुतीला तेवढीही सोय नाही. तिथे व्हिटवर्थचे 12 आटे, अमेरिकेचे 13. दोन-तीन फेरे गेले की अडतं, आणि पोराने लांब दांडीचा पाना लावला की आटे जातात.

तिसरा प्रवाह मिलिमीटरचा. मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा, पण गॅरेजपर्यंत तो हळूहळू झिरपला. त्याआधी इटालियन वंशाची फिएट होती. डॉक्टर-वकिलांच्या दारातली ही गाडी पहिल्यापासून मेट्रिक. (मॉरिस या इंग्लिश गाडीच्या काही जुन्या इंजिनांत तर फ्रेंच मेट्रिक आट्यांच्या बोल्टला व्हिटवर्थच्या मापाचं डोकं असे. असली खोड काढणाऱ्याला नमस्कारच करावा.) आठ मिलिमीटरचा बोल्ट आणि अडीच सुती बोल्ट जाडीला जवळजवळ जुळे: अडीच सूत म्हणजे 7.94 मिलिमीटर. पण आठच्या बोल्टचं डोकं 13 चं, आणि जीपच्या अमेरिकन अडीच सुतीचं अर्ध्या इंचाचं, म्हणजे 12.7 चं. तेवढ्या ढिलाईत 13 चा पाना फिरवला की षटकोन गोल होतो. जुन्या जीपच्या खाली झोपून पाहा. गोल झालेली डोकी मोजत बसाल.

पेट्रोल परवडेना तेव्हा इंजिनंच बदलली गेली. महिंद्राने 1963 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टासबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली होती. तिच्या बी-275 ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन पुढे कंपनीनेच जीपला दिलं, आणि गावोगावच्या मिस्त्रींनीही जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिनं बसवली. 1980 च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजोचं डिझेल इंजिन आलं आणि एकाच गाडीत इंजिन मिलिमीटरचं, अ‍ॅक्सल इंचाचे, अशी वाटणी कारखान्यातूनच होऊ लागली. म्हणजे मिलिमीटरचा बोल्ट दिसला की तो चुकीचाच, असं म्हणता येत नाही. कोणत्या सालची, कोणत्या इंजिनाची जीप, ते आधी ठरवायचं.

चाकांची कथा आणखी निराळी. विलीज घराण्याच्या जुन्या जीपना डाव्या बाजूच्या चाकांचे स्टड उलट्या आट्यांचे असत. चाक फिरताना नट सुटू नये हा हेतू. स्टडच्या टोकावर 'एल' अक्षर कोरलेलं असतं, पण ग्रीस आणि काळ्या मातीच्या थराखाली ते दिसतं कुणाला? पंक्चरवाल्याने नेहमीच्या दिशेने जोर लावला की स्टड तुटतो, आणि त्या जागी सरळ आट्यांचा बसतो. डाव्या चाकाचे सगळे स्टड 'एल'चे असलेली जीप आता शोधावी लागते. मला स्वतःला गाडीच्या जुनेपणाची ही खूण चकचकीत रंगापेक्षा जास्त पटते.

अलीकडे हौसेचं दुसरं टोकही दिसतं. युद्धकाळात फोर्डने बांधलेल्या जीपच्या बोल्टांच्या डोक्यावर 'एफ' अक्षर असे, म्हणून तसे बोल्ट परदेशातून मागवून सीजे-थ्रीबीला लावायचे. हे दिसायला भारी, पण साफ चूक. गटविकास अधिकाऱ्याची जीप ना फोर्डची, ना विलीजच्या अमेरिकेतल्या टोलेडो कारखान्याची; तिचा कारखाना मुंबईतला. ताडून पाहायचं ते महिंद्राच्या पार्ट्स कॅटलॉगशी आणि त्याच काळच्या, कुणी हात न लावलेल्या दुसऱ्या जीपशी. बोल्टचं डोकं घासून बघा. 8.8 असा आकडा निघाला तर बोल्ट मेट्रिक. मध्यापासून निघालेल्या तीन रेषा दिसल्या तर तो अमेरिकन पद्धतीचा. काहीच नसेल तर पिच गेज, म्हणजे आटे मोजायची दातेरी पट्टी, लावा, आणि काढलेला जुना बोल्ट, गंजलेला असला तरी, त्याच्या जागेची चिठ्ठी बांधून डब्यात ठेवा. लेथवाल्याला नमुना दाखवायला तोच लागतो.