विंडोज एका डिस्कवर, बूट फाइल्स दुसऱ्याच: ही खोड आली कुठून?

नवी एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कहून वेगवान डिस्क, बसवायची, तिच्यावर विंडोज टाकायचं आणि जुनी हार्ड डिस्क फोटो-गाण्यांसाठी तशीच आत ठेवायची, हा प्रकार घरोघरी झाला. वर्ष-दोन वर्षं सगळं सुरळीत चालतं. मग जुनी डिस्क कुरकुरायला लागते, ती काढून टाकावी तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: 'बूटएमजीआर इज मिसिंग'. विंडोज तर एसएसडीवर आहे आणि एसएसडीला कोणी हातही लावलेला नाही. मग हरवलं काय? तर विंडोज सुरू करून देणाऱ्या मोजक्या फाइल्स, म्हणजेच बूट फाइल्स. विंडोजच्या सेटअपने त्या जुन्या डिस्कवर ठेवल्या होत्या. ठेवताना विचारलं नव्हतं आणि ठेवल्यावर सांगितलंही नव्हतं.

सेटअपला नावं ठेवणं सोपं आहे. पण त्याच्या बाजूने पाहिलं तर ती डिस्क चुकीची नव्हतीच, त्या घडीला तीच एक खात्रीची होती. हे समजायला १९८३ पर्यंत मागे जावं लागतं.

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीत हार्ड डिस्कच नव्हती. यंत्र फ्लॉपीवरून चालू व्हायचं, फ्लॉपी नसेल तर रॉममध्ये, म्हणजे यंत्राच्या कायमच्या स्मृतीत असलेली बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा समोर यायची. मार्च १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला, त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आणि सोबत पीसी डॉस २.० ही ऑपरेटिंग सिस्टिम. डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरची, म्हणजे पहिल्या छोट्या कप्प्याची, मांडणी तेव्हा ठरली, तिलाच पुढे मास्टर बूट रेकॉर्ड म्हणजे एमबीआर म्हणू लागले. सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट छोट्या प्रोग्रामसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या, म्हणजे डिस्कच्या भागांच्या, नोंदींसाठी, आणि शेवटचे दोन बाइट सहीसारखे. बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा यंत्र सुरू करणारा प्रोग्राम, हा सेक्टर मेमरीत उचलतं, सही जुळली की सूत्रं त्या प्रोग्रामच्या हाती देतं. प्रोग्राम चार नोंदींत 'ॲक्टिव्ह' अशी खूण असलेलं पार्टिशन शोधतो, त्याचा पहिला सेक्टर वाचतो, आणि तिथून ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइल्सची पाळी येते.

या साखळीत एक गोष्ट गृहीत धरली आहे. बायोस हे सगळं एकाच डिस्कवर करतं, पहिल्या. दुसऱ्या डिस्कवर कितीही नीट मांडलेलं विंडोज असो, बायोस आपणहून तिकडे वळत नाही. एका डिस्कच्या यंत्रासाठी हा नियम ठीकच होता. पुढे यंत्रात दोन-चार डिस्का आल्या तरी नियम तोच राहिला.

पहिली डिस्क कोणती, हे बराच काळ केबल आणि जम्परवर ठरे. आयडीई केबलवर एक डिस्क मास्टर, दुसरी स्लेव्ह; मागच्या बाजूची चिमुकली प्लास्टिकची टोपी एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत बसवली की मालक बदलला. बायोसमध्ये निवड असे ती 'आधी ए, मग सी' किंवा 'आधी सी, मग ए' एवढीच; ए म्हणजे फ्लॉपी, सी म्हणजे हार्ड डिस्क. जानेवारी १९९६ मध्ये कॉम्पॅक, फिनिक्स आणि इंटेल यांनी मिळून बायोस बूट स्पेसिफिकेशन प्रसिद्ध केलं आणि डिस्कांचा क्रम मेनूतून लावायची पद्धत रूढ होत गेली. मेनूत जी डिस्क वर, तिलाच बायोस पहिली म्हणून पुढे करतं. जम्परला हात न लावता 'पहिली डिस्क' बदलता येऊ लागली, हे सोयीचंच झालं. पण त्यामुळे सेटअप चालवताना जी डिस्क पहिली होती ती पुढेही पहिलीच राहील, याची हमी मात्र गेली.

डॉसच्या काळात या भानगडीची झळ फारशी लागली नाही, कारण डॉस मुळात पहिल्या डिस्कवरच नांदायचं. विंडोज एनटी १९९३ साली आलं आणि तिथे पहिल्यांदा घर (विंडोज) आणि दार (बूट फाइल्स) अधिकृतपणे वेगळं झालं. एनटी दुसऱ्या डिस्कवर टाकता यायचं, पण एनटीएलडीआर, एनटीडिटेक्ट आणि बूट डॉट आयएनआय या फाइल्स पहिल्या डिस्कच्या ॲक्टिव्ह पार्टिशनवरच राहायच्या. बूट डॉट आयएनआय उघडली की आत 'मल्टी(०)डिस्क(०)आरडिस्क(१)पार्टिशन(१)' असा पत्ता दिसायचा. डिस्क शून्यापासून मोजायची आणि पार्टिशन एकपासून, म्हणून या पत्त्याचा अर्थ दुसऱ्या डिस्कचं पहिलं पार्टिशन. (एकाच ओळीत दोन मोजण्या कोणाला सुचल्या असतील, देव जाणे. ती ओळ हाताने दुरुस्त करताना भलेभले चकायचे.) त्या काळी हा दोष नव्हता, सोय होती: एका यंत्रात डॉस, विंडोज ९८ आणि एनटी एकत्र नांदवायचे तर सुरुवातीचा मेनू एकाच ठिकाणी हवा.

व्हिस्टाने २००७ साली फाइल्सची नावं बदलली. एनटीएलडीआरच्या जागी बूटएमजीआर आलं, बूट डॉट आयएनआयच्या जागी बीसीडी हा नोंदींचा साठा आला, आणि विंडोज प्रत्यक्ष उचलायचं काम विनलोडकडे गेलं. विनलोड विंडोजच्याच फोल्डरमध्ये असतो. बूटएमजीआर आणि बीसीडी मात्र पूर्वीसारखेच पहिल्या डिस्कच्या ॲक्टिव्ह पार्टिशनवर. २००९ च्या विंडोज ७ ने यात आणखी एक भर घातली. बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीने सी ड्राइव्ह कुलूपबंद केला तर तो उघडणाऱ्या फाइल्स कुलपाबाहेर हव्यात, म्हणून कोऱ्या डिस्कवर सेटअप १०० मेगाबाइटचं 'सिस्टिम रिझर्व्हड' पार्टिशन स्वतःच पाडू लागलं. त्याला ड्राइव्हचं अक्षर नाही, त्यामुळे 'कॉम्प्युटर'मध्ये ते दिसत नाही. दाराचा पत्ताच वापरणाऱ्याच्या नजरेआड गेला.

नेमक्या याच सुमारास एसएसडी सामान्य माणसाच्या आवाक्यात यायला लागल्या. जुन्या डिस्कवर विंडोज ७ आधीच होतं, तिच्यावर सिस्टिम रिझर्व्हड होतं, बायोसच्या यादीत ती वर होती. अशा यंत्रात सेटअप सुरू केलं आणि 'कुठे टाकू?' याचं उत्तर म्हणून एसएसडी दाखवली. सेटअपने विंडोज तिथे टाकलं. बूट फाइल्स कुठे ठेवायच्या, हा प्रश्न त्याने विचारला नाही. त्याचा हिशेब साधा होता: बायोस जुन्या डिस्कवरून सुरू होतंय हे दिसतंय, बायोसचा क्रम बदलणं माझ्या हातात नाही, एसएसडीवर बूट फाइल्स ठेवल्या आणि बायोस तिकडे गेलंच नाही तर यंत्र उठणारच नाही. तेव्हा जे ॲक्टिव्ह पार्टिशन आधीपासून आहे, त्याच्याच बीसीडीत एक नवी नोंद घालू. यंत्र पहिल्या फटक्यात सुरू झालं, आणि त्याची किंमत जुनी डिस्क काढायच्या दिवसापर्यंत उधार राहिली.

असं झालंय का, हे विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये मिनिटभरात कळतं. डिस्क ०, म्हणजे जुनी, तिच्या एका छोट्या चौकोनात 'सिस्टिम, ॲक्टिव्ह' लिहिलेलं असतं. डिस्क १, म्हणजे एसएसडी, तिच्या सी ड्राइव्हवर 'बूट, पेज फाइल, क्रॅश डम्प'. इथे बहुतेक जण फसतात, कारण मायक्रोसॉफ्टची नावं उलटी आहेत: 'सिस्टिम' म्हणजे बूट फाइल्स जिथे आहेत ते, आणि 'बूट' म्हणजे विंडोज जिथे आहे ते. हे दोन्ही शब्द वेगवेगळ्या डिस्कांसमोर दिसले की निदान पक्कं.

या दुखण्यावर हमखास सांगितलं जाणारं औषध म्हणजे फिक्सएमबीआर. एक्सपीच्या रिकव्हरी कन्सोलमध्ये हा आदेश होता, व्हिस्टापासून तो बूटरेक या साधनात आला. पण तो पहिल्या सेक्टरमधला छोटा प्रोग्रामच काय तो नव्याने लिहितो. इथे प्रोग्राम बिघडलेला नसतो, तो ज्या फाइल्स शोधतो त्याच या डिस्कवर नसतात. खरा उतारा विंडोज ७ पासून सोबत येणारा बीसीडीबूट. विंडोजच्या फोल्डरमध्ये बूट फाइल्सच्या प्रती कायम असतातच. बीसीडीबूट त्या उचलून सांगाल त्या पार्टिशनवर ठेवतो आणि बीसीडी नव्याने बांधतो. बायोसच्या यंत्रात एसएसडीचं पार्टिशन ॲक्टिव्ह करायचं, बीसीडीबूटला विंडोजचा फोल्डर आणि ते पार्टिशन दाखवायचं, बायोसमध्ये एसएसडी वर घ्यायची. एवढंच काम आहे.

यूईएफआय, म्हणजे बायोसची जागा घेणारी नवी पद्धत, आल्यावर हा प्रश्न संपायला हवा होता. इंटेलने इटेनियम या आपल्या प्रोसेसरच्या निमित्ताने १९९८ च्या सुमारास हे काम हाती घेतलं, २००५ साली यूईएफआय फोरम स्थापन झाला, आणि २०१२ च्या विंडोज ८ बरोबर ही पद्धत नव्या यंत्रांत सर्रास दिसू लागली. तोवर एमबीआरची मर्यादाही गळ्याशी आली होती: ५१२ बाइटच्या सेक्टरने त्याला सुमारे २.२ टेराबाइटच्या पलीकडचं मोजताच येत नाही. त्याच्या जागी जीपीटी ही पार्टिशनांच्या नोंदींची नवी मांडणी आली. ॲक्टिव्ह खूण गेली. बूट फाइल्ससाठी फॅट ३२ या जुन्या फाइल-मांडणीचं एक स्वतंत्र ईएफआय सिस्टिम पार्टिशन आलं, आणि कोणत्या डिस्कवरच्या कोणत्या फाइलपासून सुरुवात करायची हे मदरबोर्डच्या स्मृतीतच लिहिलं जाऊ लागलं. ती नोंद ऑपरेटिंग सिस्टिमला स्वतः लिहिता येते. म्हणजे 'बायोसचा क्रम माझ्या हातात नाही' ही सेटअपची जुनी सबब उरली नाही.

तरी सवय उरली. यंत्रात आधीचं ईएफआय पार्टिशन सापडलं की विंडोजचं सेटअप नवं पाडायच्या फंदात न पडता तेच वापरतं, मग ते दुसऱ्या डिस्कवर का असेना. प्रत्येक डिस्कवर आपापलं ईएफआय पार्टिशन असायला यूईएफआयच्या नियमांची हरकत नाही, त्यामुळे याला सक्ती म्हणता येत नाही. माझ्या मते हा निव्वळ आळस आहे. १९८३ चा नियम परिस्थितीतून आला होता, याला तसं कारण नाही. एनव्हीएमई, म्हणजे साटा केबलऐवजी अधिक वेगवान जोडणी वापरणाऱ्या एसएसडी आल्यावर गोंधळ वाढलाच, कारण बऱ्याच यंत्रांत साटाची जुनी डिस्क 'डिस्क ०' ठरते आणि नवी वेगवान एसएसडी 'डिस्क १'. लिनक्सवालेही यातून सुटलेले नाहीत: उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम, कुठे टाकायचा हे निवडायची जागा होती, पण यूईएफआय यंत्रात ती निवड बाजूला ठेवून तो पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवर जायचा. विचारून दुर्लक्ष करणं हे न विचारण्याहून वाईट.

क्लोनिंग, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत काढणं, हा याच दुखण्याचा दुसरा रस्ता. अख्ख्या डिस्कऐवजी नुसता सी ड्राइव्ह नव्या एसएसडीवर उतरवला, तर बूट फाइल्सचं पार्टिशन मागेच राहतं.

ज्यांनी जुनी डिस्क कधी काढलीच नाही, त्यांच्यापैकी काहींना २०२१ मध्ये विंडोज ११ ने गाठलं. त्याला यूईएफआय लागतं, म्हणून एमबीआरवरून जीपीटीवर जाणं आलं. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच एमबीआर२जीपीटी हे साधन दिलं होतं. पण त्याची एक अट अशी की सिस्टिम पार्टिशन त्याच डिस्कवर हवं. बूट फाइल्स दुसरीकडे असतील तर ते तपासणीतच अडतं आणि डिस्कची मांडणी पसंत नसल्याचं सांगून थांबतं. आधी बीसीडीबूटने फाइल्स एसएसडीवर आणायच्या, मग रूपांतर.

यूईएफआय यंत्रातली दुरुस्ती थोडी लांबची आहे. सी ड्राइव्ह काहीशे मेगाबाइटने आक्रसून मोकळी जागा काढायची, डिस्कपार्ट या आदेश लिहून चालणाऱ्या साधनात एसएसडी निवडून तिथे ईएफआय पार्टिशन पाडायचं, फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करायचं, त्याला तात्पुरतं अक्षर द्यायचं आणि बीसीडीबूटला तिकडे बोट दाखवायचं. बिटलॉकर चालू असेल तर तो आधी थांबवून ठेवावा, नाहीतर पुढच्या वेळी तो रिकव्हरी की मागत बसतो. हे झाल्यावर बूट मेनूत 'विंडोज बूट मॅनेजर' दोनदा दिसू शकतं, कारण दोन्ही नोंदींचं नाव एकच. कोणती कुठली, हे बऱ्याच मदरबोर्डांत शेजारी लिहिलेल्या डिस्कच्या नावावरून ओळखता येतं. संगणक बंद करून जुन्या डिस्कची केबल काढावी आणि तिच्याविना यंत्र उठतंय हे पाहावं. तोवर जुन्या डिस्कवरचं काहीही पुसू नये.

पुसायची वेळ आली की डिस्क मॅनेजमेंट हात वर करतं: ईएफआय पार्टिशनवर राइट क्लिक केलं तरी 'डिलीट' चालत नाही. ते डिस्कपार्टमधूनच जातं, आणि तिथेही नुसतं 'डिलीट पार्टिशन' पुरत नाही, पुढे 'ओव्हरराइड' जोडावं लागतं. आपण जुन्याच डिस्कचं पार्टिशन निवडलं आहे ना, हे एंटर दाबण्याआधी 'लिस्ट डिस्क'मधल्या आकारावरून पुन्हा एकदा ताडून घ्यावं.