पीएच आला कुठून? बिअरच्या कारखान्यातून

रबाळे एमआयडीसीत ईटीपीवर, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी साफ करायच्या प्लांटवर, माझी पहिली नोकरी. न्यूट्रलायझेशन टँकमध्ये, म्हणजे पाण्यातलं आम्ल मारायच्या टाकीत, पीएच (आम्लतेचा आकडा) ३ होता, बाहेर सोडायचं पाणी ५.५ ते ९ च्या मधे पाहिजे एवढा नियम पाठ होता, मी कॉस्टिकचा, म्हणजे आम्ल मारणाऱ्या अल्कलीचा, पंप चालू केला. ३ चा ४ व्हायला बराच वेळ गेला, मग मी मनात हिशोब मांडला की ७ पर्यंत अजून तीन आकडे म्हणजे याच्या तिप्पट वेळ, आणि निवांत चहाला गेलो. परत आलो तर मीटरवर ११. शिफ्टचे काका म्हणाले, "अरे, तुझं नव्वद टक्के काम ४ वरच संपलं होतं, आता टाक ॲसिड."

तेव्हा काही कळलं नाही. नंतर कळलं ते असं, की पीएच म्हणजे चक्क शून्यं मोजणं आहे. आंबटपणा येतो हायड्रोजन आयनांमुळे, म्हणजे हायड्रोजनच्या विद्युतभारित कणांमुळे. शुद्ध पाण्यात ते किती, तर एक कोटी लिटरमध्ये जेमतेम १ ग्रॅम. कोटीत शून्यं सात, म्हणून पीएच ७. लिंबाच्या रसात १०० लिटरमागे साधारण १ ग्रॅम, दोन शून्यं, पीएच २ च्या आसपास. आकडा मोठा तर आम्ल कमी हा जो उलटा प्रकार वाटतो ना, तो यामुळेच, आयन जितके विरळ तितकं जास्त पाणी उपसायचं आणि तितकी शून्यं जास्त. माझ्या टाकीत ३ ला हजार लिटरमागे १ ग्रॅम होता, ४ ला दहा हजारांमागे १ ग्रॅम, म्हणजे दहातले नऊ भाग तिथेच संपले, उरलेल्या एका भागासाठी मी अख्खा चहा पीत बसलो.

ही शून्यं मोजायची आयडिया १९०९ ची. त्याच्या आधी लोक काय करायचे, तर चव बघायचे नाहीतर रंग. आपल्याकडे तर घरोघरी चालायचं, हळदीत चुना मिसळला की लाल होतो, हळदीचा डाग पडलेला शर्ट साबणाने धुतला की डाग लालसर दिसतो, हा दर्शकच झाला की, फक्त तसं कोणी म्हणत नव्हतं. सुश्रुतसंहितेत झाडांच्या राखेपासून क्षार करायची अख्खी कृती आहे, मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे तीन प्रकार, आणि क्षाराने भाजलं तर त्यावर आंबट काहीतरी लावा हेही सांगितलंय. दहावीत उदासिनीकरण म्हणून घोकतो ते हेच. युरोपात रॉबर्ट बॉईलने १६६४ मध्ये लिहिलं की व्हायोलेट फुलांचा निळा अर्क आम्लात लाल होतो आणि अल्कलीत हिरवा. लिटमसचा कागद याच घराण्यातला.

पण आम्ल म्हणजे नक्की काय यावर बराच गोंधळ होता. लव्हॉझिएला वाटलं आम्लपणा ऑक्सिजनमुळे येतो, ऑक्सिजन या नावाचा अर्थच मुळी आम्ल तयार करणारा (आपण प्राणवायू म्हणून या चुकीतून सुटलो). १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने दाखवलं की मिठापासून निघणाऱ्या आम्लात, म्हणजे आपल्या एचसीएलमध्ये, ऑक्सिजन औषधालाही नाही. मग संशय हायड्रोजनवर गेला. १८८४ मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियसने प्रबंधात मांडलं की विरघळलेले पदार्थ पाण्यात विद्युतभारित आयनांमध्ये फुटतात, परीक्षकांनी त्याला कसाबसा पास केला आणि १९०३ मध्ये त्यालाच नोबेल मिळालं.

आता कोपनहेगन. तिथल्या कार्ल्सबर्ग बिअर कंपनीच्या मालकाने १८७५ मध्ये स्वतःची प्रयोगशाळा काढली, आणि तिथला कुठलाही शोध गुपित ठेवायचा नाही असा नियम केला, जो मला आजही भारी वाटतो. नायट्रोजन मोजायची पद्धत काढणारा केल्डाल तिथलाच, सांडपाण्यातल्या नायट्रोजनच्या ज्या तपासणीला लॅबवाले टीकेएन म्हणतात त्यातला के म्हणजे तो. त्याच्यानंतर १९०१ मध्ये सोरेन सोरेन्सन रसायन विभागाचा प्रमुख झाला. त्याचं काम एन्झाइमवर, म्हणजे सजीवांतल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांवर, आणि त्याच्या लक्षात आलं की एकूण आम्ल किती घातलं याने एन्झाइमला फरक पडत नाही, त्यातले हायड्रोजन आयन मोकळे किती आहेत याने पडतो. ते मोजायचे तर प्रत्येक वेळी ०.०००००१ छाप आकडे लिहायला लागणार, म्हणून त्याने फक्त दहाचा घात उचलला, उणे चिन्ह टाकून दिलं आणि त्याला पी म्हटलं. या पी चा अर्थ काय यावर अजून वाद आहे, कोणी पॉवर म्हणतं, कोणी जर्मन पोटेन्झ, स्वतः सोरेन्सनने स्पष्ट लिहून ठेवलं नाही. मराठी पुस्तकांनी ती भानगडच ठेवली नाही, सरळ सामू केलं. मातीपरीक्षणाच्या कागदावर सामूच छापलेलं असतं, आमच्या प्लांटवर मात्र सामू म्हटलं तर कोणीतरी कोण सामू, कुठल्या शिफ्टचा असं विचारेल.

मीटर त्यानंतरचा. काचेचा पातळ पडदा हायड्रोजन आयनांना प्रतिसाद देतो हे १९०९ पर्यंत माहीत झालं होतं, पण त्यातून येणारा सिग्नल इतका क्षीण की मोजणं म्हणजे वैताग. १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात अर्नोल्ड बेकमनकडे त्याचा एक मित्र आला, लिंबाच्या रसाची आम्लता मोजायची होती, रसात सल्फर डायऑक्साइड घातल्यामुळे लिटमसचा रंगच उडायचा. बेकमनने व्हॅक्यूम ट्यूबचा ॲम्प्लिफायर जोडला, आता काच जाड ठेवली तरी चालत होतं, आणि सगळं एका पेटीत बसवलं.

आमच्या टाकीतला प्रोबही, म्हणजे मीटरची पाण्यात बुडणारी काचेच्या बल्बची कांडी, त्याच वंशाचा. रोज सकाळी बफरमध्ये, म्हणजे पीएच आधीच ठरलेल्या द्रावणात, बुडवून कॅलिब्रेट करायचा, ४, ७ आणि ९.२, बल्ब सुकला की संपला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातलं पाणी शेवटी खाडीतच जातं, त्यामुळे रीडिंग चुकलेलं चालत नाही. तरी बल्बवर तेलाचा थर बसला की मीटर वाटेल ते दाखवतो, मग काका खिशातली रंग बदलणारी पीएचची कागदी पट्टी काढून बुडवतात, आणि रंग ६ चा की ७ चा यावर पुढची दहा मिनिटं आमचं भांडण चालतं.