जिताड्याला लस, मग कोळंबीला का नाही?

पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात घराजवळच्या तळ्यात जिताडा मासा वाढवायची रीत जुनी. उधाणाच्या पाण्याबरोबर खाडीतून आलेली पिल्लं धरायची, तळ्यात सोडायची आणि चांगला मोठा झाला की काढायचा. (सरकारदरबारी अडलेलं काम जिताड्याने सुटतं, असंही इथे अर्ध्या गमतीत सांगतात.) तेव्हा लशीचा विषय कुणाच्या डोक्यातही नव्हता.

तो आला हॅचरीबरोबर, म्हणजे अंड्यांतून पिल्लं काढायच्या केंद्राबरोबर. खाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीवर काम करणाऱ्या चेन्नईच्या 'सिबा' या केंद्रीय संस्थेने 1997 मध्ये देशात पहिल्यांदा जिताड्याचं बीज हॅचरीत तयार केलं. टाकीत पिल्लं दाटीने वाढू लागली की नोडा विषाणूला रान मोकळं मिळतं. तो मेंदू आणि डोळ्याचा पडदा पोखरतो. पिल्लू खाणं टाकतं, गिरक्या घेत पोहतं आणि बघता बघता टाकीच्या टाकी मरते.

माशांना लस देण्याचा प्रयोग मात्र बराच आधीचा. कॅनडात डफ या संशोधकाने 1942 मध्ये ट्राउटना खाद्यातून मेलेले जिवाणू दिले. 1976 मध्ये अमेरिकेत पहिली लस बाजारात आली, तीही जिवाणूंवरचीच. कारण साधं आहे. जिवाणू पोषक द्रवात हवे तेवढे वाढवता येतात. विषाणूला जिवंत पेशीच लागते. माशाच्या पेशी प्रयोगशाळेत कायमच्या वाढत्या ठेवणं 1962 मध्ये ट्राउटच्या बाबतीत जमलं. त्यानंतरही वीस वर्षं गेली, तेव्हा कुठे 1982 मध्ये चेकोस्लोव्हाकियात कार्प माशासाठी विषाणूवरची लस विक्रीला आली. पुढे नॉर्वेत अख्खा विषाणू वाढवण्याऐवजी त्याचं एखादं प्रथिन जिवाणूंकडून बनवून घेऊ लागले. 2005 मध्ये कॅनडाने सॅमन माशासाठी डीएनए लशीला (हिच्यात प्रथिनाऐवजी ते बनवणारं विषाणूचं जनुकच टोचतात) परवानगी दिली.

आपल्याकडे या वाटेवरचा मोठा टप्पा जिताड्यानेच गाठून दिला. भारतातली समुद्री माशाची पहिली पेशीमालिका, म्हणजे प्रयोगशाळेत कायम वाढत राहणाऱ्या पेशी, याच माशाच्या मूत्रपिंडातून तामिळनाडूत तयार झाली. ते काम 2006 मध्ये प्रसिद्ध झालं. नंतर 'सिबा'ने नोडा विषाणूच्या कवचातल्या प्रथिनावरून 'नोडाव्हॅक-आर' ही लस बनवली.

खरी अडचण पुढेच आहे. सर्वांत जास्त मरतात ती काही दिवसांची पिल्लं, आणि त्यांची प्रतिकारशक्ती तेव्हा तयारच झालेली नसते. इतक्या बारीक जिवाला सुई टोचणार कुठे? म्हणून लशीचा भर प्रजननाच्या माशांवर (विषाणू त्यांच्याकडूनच पिल्लांत उतरू शकतो) आणि बोटभर झालेल्या पिल्लांवर. खाडीत पिंजरे टाकणाऱ्याने बीज घेताना भावाआधी एवढं विचारावं, की आई-बाप मासे विषाणूसाठी तपासलेत का?

कोळंबीचं गणितच निराळं. 1990 च्या दशकात पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने टायगर कोळंबीचे तलाव बसवले, तरी आजवर तिच्यासाठी माशांसारखी लस रुळलेली नाही. लशीमुळे माशाच्या अंगात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं बनतात; कोळंबीच्या अंगात ती तयारच होत नाहीत. त्यामुळे 2009 मध्ये भारतात व्हॅनामेई या परदेशी कोळंबीला परवानगी देताना सगळी भिस्त रोगमुक्त प्रजनक आयात करण्यावर आणि त्यांना विलगीकरणात ठेवून तपासण्यावर ठेवली गेली.