मोल क्रॅब (गळाचे आमिष)

मोल क्रॅब हा लाट जिथे फुटून वर चढते आणि परत घसरते त्या ओल्या पट्ट्यात, वाळूच्या आत राहणारा अंगठ्याच्या पेराएवढा कवचधारी प्राणी आहे. किनाऱ्यावर उभे राहून लाटांत गळ टाकणारे लोक तो आमिष म्हणून वापरतात. विकत आणावे लागत नाही आणि जिथे मासे धरायचे तिथेच मिळते, अशी आमिषे फार थोडी. हे त्यांतले एक.

नावाचा घोळ आधी सोडवलेला बरा. इंग्रजीत याला ‘सँड क्रॅब’ म्हणतात आणि ‘सँड फ्ली’, म्हणजे वाळूतली पिसू, असेही म्हणतात. हेच दुसरे नाव सुकत चाललेल्या समुद्रशेवाळात टणाटण उड्या मारणाऱ्या ॲम्फिपॉड प्राण्यांनाही आहे, आणि माणसाच्या पायात घुसणाऱ्या खऱ्याखुऱ्या पिसवेलाही. मोल क्रॅब उडी मारत नाही, चावत नाही. त्याला नांग्याच नाहीत, त्यामुळे मुठीत धरला तर फक्त तळहात उकरत राहतो. ‘मोल’ हा फावड्यासारख्या पंजांनी जमीन पोखरणारा सस्तन प्राणी. खणण्याच्या सवयीवरून खेकड्याला त्याचे नाव मिळाले. तसा हा पुरता खेकडाही नव्हे. दशपाद गणातल्या ॲनोम्युरा गटात, शंखात राहणाऱ्या हर्मिट क्रॅबच्या नात्यात, तो मोडतो.

इमेरिटा या प्रजातीत सुमारे १० जाती आहेत. उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर इमेरिटा टॅल्पॉइडा, तर अमेरिका खंडांच्या पॅसिफिक किनाऱ्यावर इमेरिटा ॲनालॉगा आढळते. हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर इमेरिटा इमेरिटस आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरची इमेरिटा होल्थुइसी ही जात १९६५ साली वर्णिली गेली. आमिष म्हणून वापराची पद्धत सर्वांत बारकाईने बसवली ती अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवरच्या गळकऱ्यांनी.

वाळूतले जगणे : अंग अंड्यासारखे गोलसर, रंग वाळूचाच. शेपटीचा टोकदार भाग पोटाखाली दुमडलेला असतो. खणताना हा प्राणी मागच्या बाजूने आत शिरतो आणि दीडएक सेकंदात दिसेनासा होतो. एवढा वेग साधतो तो लाटेमुळे. पाणी अंगावरून जात असते तेव्हा वाळू सैल, जवळजवळ पातळ झालेली असते. पाणी ओसरले की ती घट्ट बसते. त्याआधी गाडून घेणे जमले नाही तर पक्षी टिपतात. डोळे आणि श्वासासाठीच्या छोट्या मिशा तेवढ्या वर राहतात. लाट परतू लागली की पिसासारख्या लांब मिशांची दुसरी जोडी उलगडते, वाहत्या पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून घेते आणि लगेच आत ओढली जाते.

त्याला खाणे मिळते ते वाहत्या पाण्याच्या पातळ थरातून, म्हणून भरती चढेल तशी सगळी वस्ती वर सरकते आणि ओहोटीबरोबर खाली उतरते. थंड प्रदेशात हिवाळ्यात टॅल्पॉइडा जात किनारा सोडून खोल पाण्यात जाते. मादी नरापेक्षा बरीच मोठी असते आणि नारिंगी अंड्यांचा पुंजका पोटाखाली बाळगते. अंड्यांतून निघालेली पिल्ले पुष्कळ दिवस प्रवाहाबरोबर समुद्रात भटकतात आणि मग कुठल्यातरी पुळणीला लागतात. त्यामुळे एका किनाऱ्यावर यंदा रेलचेल आणि पुढच्या वर्षी शुकशुकाट, असे होऊ शकते.

शोधणे : नवखा माणूस खणायला घाई करतो. आधी उभे राहून दोनचार लाटा नुसत्या पाहाव्यात. पाणी परत घसरताना वाळूवर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या बारीक रेघा उमटतात. बाहेर आलेल्या मिशांना आणि डोळ्यांना अडून पाणी दुभंगते त्याची ती खूण. वस्ती विरळ पसरलेली नसते, ठिगळाठिगळाने असते. पाच पावलांवर काहीच नाही आणि सहाव्या पावलाला वाळू खदखदल्यासारखी हलते, असा अनुभव नेहमीचा. लाटेच्या पुढे-मागे पळत चोच खुपसणारे छोटे किनारपक्षी दिसले तर त्यांच्या मागे जावे. त्यांना हे आपल्याआधी कळलेले असते. ओहोटी लागल्यावर, गुळगुळीत ओली वाळू उघडी पडत असताना, रेघा सर्वांत स्पष्ट दिसतात.

हातानेही काम भागते. लाट परतत असताना दोन्ही हातांची ओंजळ वाळूत खुपसून उपसायची आणि वाळू बोटांमधून गळू द्यायची. जास्त हवे असतील तर लांब दांड्याला तारेच्या जाळीची पेटी लावलेले फावडे वापरतात. ते परतणाऱ्या पाण्याच्या वाटेत, पेटीचे तोंड वरून घसरत येणाऱ्या पाण्याकडे करून रोवायचे. पाणीच वाळू आणि खेकडे आत लोटते. मग पुढच्या लाटेत पेटी हलवली की वाळू गळून जाते. कोरड्या वाळूत किंवा गुडघाभर पाण्यात खणणे म्हणजे फुकटची मेहनत.

या शोधाचा खरा फायदा आमिषापेक्षा मोठा आहे, आणि तो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. जिथे वस्ती दाट, तिथेच लाटा वाळू उकरतात, खेकडे उघडे पडतात आणि मासे ते टिपायला येतात. फ्लोरिडा पॉम्पानो, शीप्सहेड, ब्लॅक ड्रम हे मासे कवच चिरडून खाणारे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर कॉर्बिना आणि बार्ड सर्फपर्च. कॉर्बिना तर पाठ उघडी पडेल इतक्या उथळ पाण्यात शिरते. तरीही ताकद लावून गळ दूर, लाटांच्या पलीकडे फेकण्याची हौस सुटत नाही. हे आमिष लावले असेल तर पहिली फेक जवळच, पाण्याच्या पहिल्या खोलगट पन्हळीत टाकावी.

गळाला लावणे : जिवंत, पाय हलवणारा खेकडा उत्तम. पोटाकडून, दुमडलेल्या शेपटीच्या बाजूने गळ घालून पाठीच्या कवचातून टोक जेमतेम बाहेर काढतात. टोक आतच राहिले तर माशाच्या तोंडात रुतत नाही. फार बाहेर काढले तर कवच फाटते आणि फेकतानाच आमिष उडून जाते. गळ लहान, १ किंवा १/० क्रमांकाच्या आसपास. वर्तुळाकार गळ असेल तर झटका न देता दोर नुसता ताणत न्यायचा. लाट जोराची असेल तर वाळूत रुतणारे पिरॅमिडच्या आकाराचे शिसे टोकाला आणि त्याच्या वर दोन आखूड फाट्यांवर गळ, अशी मांडणी चालते. शांत पाण्यात हलके सरकते शिसे बरे, म्हणजे लाटेबरोबर आमिष लोळते आणि उकरून निघालेल्या खेकड्यासारखे वागते.

नुकती कात टाकलेले, दाबले तर लवणारे मऊ खेकडे पॅसिफिक किनाऱ्यावर फार मानतात. ते गळावर टिकत नाहीत, म्हणून बारीक रबरी दोऱ्याचे दोन वेढे देतात. अंडी असलेल्या मादीलाही मासा चटकन लागतो. मात्र पुढची पिढी तिच्याच पोटाखाली असते, त्यामुळे एरवी पुरेसे मिळत असताना तिला परत सोडणारे गळकरी शहाणे.

टिकवणे : बादलीभर समुद्राच्या पाण्यात ठेवले की खेकडे मरतात, कारण साचलेल्या पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो. गोड्या पाण्यातही ते जगत नाहीत. ओलसर वाळू, वर भिजवलेले फडके आणि सावली एवढे पुरते. बर्फाच्या पेटीत ठेवायचे तर वितळलेले पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचू देऊ नये. गोठवायचे असल्यास आधी उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवून लगेच बर्फात थंड करतात, कोरडे पुसतात आणि मग गोठवतात. तसे न केल्यास ते काळे पडून लिबलिबीत होतात.

अनेक किनाऱ्यांवर आमिषासाठी प्राणी गोळा करण्याला परवाना, संख्येची मर्यादा किंवा हत्यारावर बंदी असते; गळाचा परवाना असला म्हणजे खणण्याचीही मुभा मिळतेच असे नाही. वस्तीला मोठा धक्का मात्र बाहेरून वाळू आणून किनारा रुंद करण्याच्या कामांनी बसतो. भराव टाकला की खालचे प्राणी गाडले जातात, आणि नवी वाळू जाड किंवा फार बारीक असेल तर तिथे पुन्हा वस्ती बसायला वेळ लागतो.