ऱ्हाईन ते डॅन्यूब: क्रूझच्या रूटवरची जुनी जर्मन गावं नदीकाठी कशी वसली, कशी टिकली

मित्रमंडळींनी मिळून युरोपात रिव्हर क्रूझ करायची म्हटलं की हल्ली हमखास समोर येतो तो रूट म्हणजे ॲमस्टरडॅम ते बुडापेस्ट, साधारण दोन आठवड्यांचा, आणि त्यातला मोठा भाग जर्मनीतून जातो. कोलोन, कोब्लेन्झ, वुर्झबर्ग, बांबेर्ग, न्यूरेंबर्ग, रेगेन्सबर्ग, पासाऊ. आमच्या ग्रुपमधेही सध्या हीच चर्चा चाललीय आणि माझं म्हणणं एवढंच आहे की ही गावं कशाच्या जोरावर उभी राहिली ते आधी थोडं वाचून जा, नाहीतर तिसऱ्या दिवसानंतर सगळे चौक आणि सगळी चर्चेस सारखीच दिसायला लागतात.

मुळात हा सलग रूट १९९२ च्या आधी नव्हताच. ऱ्हाईन वाहत जाते उत्तर समुद्राकडे, डॅन्यूब जाते काळ्या समुद्राकडे, आणि दोघींच्या मधे बव्हेरियातला उंचवटा. तो ओलांडून बोटी न्यायच्या ही कल्पना मात्र बाराशे वर्षं जुनी आहे. शार्लमेन राजाने ७९३ साली हजारो माणसं लावून आल्टम्यूल आणि रेझाट या दोन छोट्या नद्यांच्या मधे कालवा खणायला घेतला, पण त्या वर्षी पाऊस थांबेना आणि जमीन दलदलीची, दिवसभर खणलेली माती रात्रीत परत खाली घसरायची असं त्या काळच्या बखरींतच लिहिलंय. काम सोडून द्यावं लागलं. तिथे ग्राबेन नावाच्या गावात त्या चराचा काही भाग आजही पाण्याने भरलेला दिसतो.

मग हजार वर्षांनी बव्हेरियाचा राजा लुडविग पहिला याने १८३६ ते १८४६ मधे खरंच कालवा बांधला, बांबेर्ग ते केलहाइम, शंभर लॉक (म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारे, दरवाजे असलेले टप्पे) असलेला. पण वेळ चुकली. जर्मनीतली पहिली रेल्वे न्यूरेंबर्ग ते फ्युर्थ १८३५ मधेच सुरू झाली होती, म्हणजे कालव्याचं काम सुरू व्हायच्याही आधी, आणि माल हळूहळू रेल्वेने पळवला. तिसरा प्रयत्न म्हणजे आजचा माइन-डॅन्यूब कालवा (माइन ही ऱ्हाईनला मिळणारी नदी), १७१ किलोमीटर, १६ लॉक, सर्वात उंच टप्पा समुद्रसपाटीपासून ४०६ मीटरवर. १९६० मधे काम सुरू, सप्टेंबर १९९२ मधे खुला. आल्टम्यूलच्या सुंदर खोऱ्याची वाट लागेल म्हणून पर्यावरणवाले जोरात विरोधात होते, आणि केंद्रातल्या एका वाहतूक मंत्र्याने तर बायबलमधल्या बाबेलच्या मनोऱ्यानंतरचा सगळ्यात मूर्ख प्रकल्प अशी संभावना केली होती. मालवाहतूक अपेक्षेइतकी कधीच झाली नाही हे खरंय, पण त्याच सुमाराला पूर्व युरोप खुला झाला होता, बुडापेस्टपर्यंत जाणं सोपं झालं होतं, आणि मालाच्या जागी प्रवासी आले.

या कालव्याचा एक परिणाम तुमच्या केबिनपर्यंत पोचतो. लॉकची रुंदी १२ मीटर, म्हणून बहुतेक क्रूझ बोटी साडेअकरा मीटरच्या आतच बांधतात. लॉकमधे शिरताना दोन्ही बाजूंना वीतभर-दीडवीत जागा उरते, खिडकीबाहेर एकदम ओली, शेवाळलेली काँक्रीटची भिंत येते, आणि मग बोट हळूहळू वर उचलली जाते, काही लॉकमधे जवळजवळ २५ मीटर. पूल ठेंगणे असतात तिथे कॅप्टनची केबिनसुद्धा खाली घेतात आणि वरच्या डेकवरच्या लोकांना आत पाठवतात. माझ्या मते हे बघायला झोपमोड झाली तरी चालेल.

आता गावं. ऱ्हाईनवरची श्रीमंती आली जकातीतून. मालाला नदीसारखा स्वस्त रस्ता नव्हता, आणि जो काठावर बसलाय तो बोट अडवू शकतो, इतकं साधं गणित. काउबपाशी नदीच्या मधोमध फाल्झग्राफेनस्टाइन नावाचा जहाजासारखा दिसणारा किल्ला आहे, १३२७ च्या सुमाराचा, तो निव्वळ जकात नाकं म्हणून बांधलेला, पात्रात साखळी टाकायची आणि पैसे दिल्याशिवाय बोट पुढे सोडायची नाही. कोलोनने तर १२५९ मधे असा हक्क मिळवला की तिथून जाणाऱ्या व्यापाऱ्याने माल उतरवायचा आणि तीन दिवस गावकऱ्यांना विकायला ठेवायचा, मग पुढे जायचं. हे प्रकरण एकोणिसाव्या शतकापर्यंत चाललं. ऱ्हाईनवरची वाहतूक खऱ्या अर्थाने मोकळी झाली ती १८६८ च्या मानहाइम करारानंतर. बिंगेन ते कोब्लेन्झ या ६५ किलोमीटरच्या पट्ट्यात इतके किल्ले का, याचं बरंचसं उत्तर या जकातीत आहे. आणि त्यातले बरेच पडके का, तर सतराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या सैन्याने इथे जाळपोळ केली, १६८९ मधे श्पायर आणि वर्म्ससारखी गावं बेचिराख झाली.

कोलोनच्या पुढे बॉन लागतं, बऱ्याच बोटी तिथे न थांबता पुढे जातात. पण मराठी माणसाने मान वळवून बघावं असं एक कारण आहे, ऑगस्ट विल्हेल्म श्लेगल या जर्मन संस्कृत अभ्यासकाने १८२३ मधे इथे भगवद्गीता लॅटिन भाषांतरासकट देवनागरीत छापली. ऱ्हाईनकाठी देवनागरीचे खिळे जुळवत बसलेले लोक डोळ्यासमोर आणा, मला तरी फार भारी वाटतं.

माइन नदीवर वुर्झबर्ग. इथे मी ग्रुपला सांगणारे की फक्त पुलावर वाइन पिऊन परत यायचं नाही. १६ मार्च १९४५ च्या रात्री वीसेक मिनिटांच्या बॉम्बहल्ल्यात जुन्या गावाचा सुमारे ९० टक्के भाग गेला, पाचेक हजार माणसं मेली, युद्ध संपायला दोन महिनेसुद्धा उरले नव्हते. म्हणजे आपण बघतो ते बरंचसं नंतर उभारलेलं. पण बिशपांच्या राजवाड्यात, रेसिडेन्झमधे, जिन्यावरचं बाल्थासार नॉयमानने बांधलेलं छत टिकलं, वरचं लाकडी छप्पर जळून गेलं तरीही, आणि त्यावरचं टिएपोलो या इटालियन चित्रकाराचं १७५२-५३ चं, तेव्हा मोजल्या जाणाऱ्या चारही खंडांना बायकांच्या रूपात दाखवणारं प्रचंड चित्रही वाचलं. जॉन स्किल्टन नावाच्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने खटपट करून लाकूड मिळवलं आणि तात्पुरतं छप्पर घातलं, नाहीतर पावसाने ते सगळं गेलं असतं. जिना चढताना वर बघा, आशिया हत्तीवर बसलीय.

न्यूरेंबर्गचंही तेच, २ जानेवारी १९४५ ला जुनं गाव उद्ध्वस्त झालं आणि नंतर चिकाटीने परत बांधलं. बांबेर्ग मात्र बरंचसं वाचलं. तिथलं नदीच्या मधोमध पुलावर असलेलं टाउन हॉल सगळे फोटोत बघतातच, बिशपने जागा दिली नाही म्हणून लोकांनी नदीतच बांधलं अशी तिथली दंतकथा आहे.

रेगेन्सबर्ग माझं सगळ्यात आवडतं. सन १७९ मधली रोमन छावणी, तिच्या दरवाजाचे दगड अजून भिंतीत आहेत. डॅन्यूबवरचा दगडी पूल ११३५ ते ११४६ मधला, त्याच्यामुळे व्यापार इथे एकवटला, आणि व्यापाऱ्यांनी इटलीतल्यासारखे उंच मनोरे बांधले, ज्याचा उंच तो मोठा. पुढे व्यापार न्यूरेंबर्ग आणि आउग्सबर्गकडे सरकला, रेगेन्सबर्गकडे जुनं पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही, आणि त्यामुळेच हे मध्ययुगीन गाव जवळपास जसंच्या तसं राहिलं. १६६३ ते १८०६ पवित्र रोमन साम्राज्याची कायमची संसद इथे भरायची. १९४५ मधे माघार घेताना जर्मन सैन्याने पुलाचा काही भाग उडवला, तो नंतर दुरुस्त केला. पुलाच्या कमानी अरुंद आणि तिथे पाण्याला ओढ, त्यामुळे मोठ्या बोटी त्याच्याखालून जातच नाहीत, बाजूच्या कालव्यातल्या लॉकमधून जातात. पुलाला लागून जुनं मिठाचं कोठार आहे, ते चुकवू नका.

मीठच पासाऊलाही. इन नदीवरून मीठ इथे यायचं आणि ओझ्याच्या जनावरांच्या तांड्यांवर लादून जंगलातून बोहेमियाला जायचं, त्या वाटेला सोनेरी वाट म्हणायचे. डॅन्यूब, इन आणि इल्झ तिन्ही इथे मिळतात, म्हणून पूरही तसाच. टाउन हॉलच्या भिंतीवर प्रत्येक महापुराची रेघ आणि साल कोरलंय, जून २०१३ ची पातळी १२.८९ मीटर होती, १५०१ नंतर इतकं पाणी आलं नव्हतं. त्या भिंतीपाशी नुसतं उभं राहिलं की आपल्या डोक्याच्या कितीतरी वर रेघ दिसते.

उलट टोकही लक्षात ठेवा, म्हणजे तारखा ठरवताना उपयोग होईल. ऑक्टोबर २०१८ मधे काउबच्या पाणीमापकावर फक्त २५ सेंटिमीटर आकडा उतरला होता. नदीची खोली त्यापेक्षा जास्त असते, पण एवढ्या पाण्यात भरलेल्या बोटी चालवणं अवघड, आणि मग कंपन्या प्रवाशांना बसने पुढे नेऊन पलीकडच्या दुसऱ्या बोटीत चढवतात. ऑगस्ट २०२२ मधेही पाणी असंच खाली गेलं होतं. त्यामुळे आमच्या ग्रुपला मी मे-जूनच सुचवलंय, पूर येऊ शकतो, पण उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात कोरडं पडायची शक्यता जास्त.